डेडस्टॉकमधला संगणक

जुना संगणक दिसला की पाहणारा पहिला प्रश्न विचारतो, "चालू होतो का?" आणि उत्तर मिळायच्या आत प्लग शोधू लागतो. माझ्या टेबलावर आलेली कितीतरी यंत्रं या घाईनंच गेलेली आहेत. तीस-पस्तीस वर्षं कपाटात पडून त्यांचं फारसं बिघडलं नव्हतं. बिघडलं ते कुणीतरी उत्साहानं बटण दाबल्यावर, पहिल्या पाच-दहा मिनिटांत. म्हणून माझ्याकडे यंत्र घेऊन येणाऱ्याला मी फोनवरच सांगते, आणायचं तसं आणा, पुसू नका, लावू नका.

मी प्रयोगशाळेतली उपकरणं दुरुस्त करते. पुण्यात एका तंत्रनिकेतनात ऑसिलोस्कोप, सिग्नल जनरेटर, पॉवर सप्लाय यांच्यातच माझी नोकरी गेली आणि निवृत्तीनंतरही हात त्याच कामात राहिले. जुने संगणक त्या ओघानं आले. इथे सांगणार आहे ती एकाच यंत्राची हकीकत. बीबीसी मायक्रो, मॉडेल बी. ते सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेतून आलं आणि आणणारे सर त्याच शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले होते. शाळेची भांडारखोली रिकामी करायची होती, निर्लेखनाची यादी तयार झाली होती, तीत मोडकी बाकं, फुटके नकाशे, स्पिरिटचे दिवे आणि "संगणक (नादुरुस्त)" अशी नोंद होती. सरांनी रीतसर अर्ज करून, भंगाराचा भाव भरून ते यंत्र सोडवून आणलं.

हे यंत्र आपल्याकडच्या शाळेत आलं कसं, हे आज पुष्कळांना माहीत नसतं. बीबीसीनं ब्रिटनमध्ये लोकांना संगणक शिकवण्याची मोठी मोहीम आखली आणि तिच्यासाठी एक यंत्र निवडलं. ते केंब्रिजच्या एकॉर्न या छोट्या कंपनीनं बनवलं. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर ही त्यामागची मुख्य नावं. 1981 च्या डिसेंबरात ते बाजारात आलं आणि पुढच्या काही वर्षांत ब्रिटनच्या बहुतेक शाळांत पोहोचलं. भारत सरकारनं 1984 मध्ये शाळांसाठी 'क्लास' हा संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला तेव्हा हेच यंत्र निवडलं. सुरुवातीला देशभरातल्या जेमतेम अडीचशेच्या आसपास शाळा त्यात होत्या. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीनं त्याची भारतीय आवृत्तीही काढली, 'युनिकॉर्न' नावाची. सरांच्या शाळेत आलेलं यंत्र मात्र मूळ एकॉर्नचं. वरच्या झाकणावर ठिपक्यांचं घुबड, काळ्या कळा, वरच्या ओळीत दहा लाल-नारिंगी कळा. आणि उजव्या बाजूला पांढऱ्या ऑइल पेंटनं कुंचल्यानं लिहिलेला डेडस्टॉक रजिस्टरचा, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीतला, क्रमांक.

तो क्रमांक मी पुसलेला नाही. जुन्या यंत्रांच्या हौशी मंडळींमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड लावून, उन्हात ठेवून पिवळं पडलेलं प्लास्टिक पुन्हा पांढरं करण्याची पद्धत फार आवडती आहे. रसायन आणि ऊन दोन्ही स्वस्त, परिणाम फोटोत सुंदर दिसतो. मला ते पटत नाही. प्लास्टिकचा वरचा थर त्यात ठिसूळ होण्याचा धोका असतो, आणि मुख्य म्हणजे यंत्र कुठे होतं याची खूण जाते. आमच्या यंत्राची डावी बाजू उजवीपेक्षा जास्त पिवळी होती, कारण संगणक-खोलीची खिडकी डावीकडे होती. सरांनी ते पाहताक्षणी सांगितलं. अशी माहिती पुसून टाकून मिळवायचं काय? मऊ ब्रश, साबणाचं कोमट पाणी, बस.

झाकण चार स्क्रूंनी बसलेलं असतं, दोन मागे, दोन खाली. त्यांच्याजवळ प्लास्टिकवरच 'फिक्स' असं कोरलेलं आहे. ज्यांनी हे यंत्र बनवलं त्यांना ते उघडलं जाईल हे गृहीत होतं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. सर्व्हिस मॅन्युअल आहे, संपूर्ण सर्किट डायग्राम आहे, प्रत्येक आयसीचा क्रमांक बोर्डावर छापलेला आहे. बोर्डावर शंभराच्या आसपास आयसी आहेत आणि त्यातली प्रत्येक काय करते ते एका माणसाला, चार-सहा महिने मन लावून बसल्यास, पूर्ण समजू शकतं. आजच्या लॅपटॉपबद्दल असं म्हणता येत नाही.

आत धूळ, झुरळांची अंडी, पालीची विष्ठा, एका कोपऱ्यात कुंभारीण माशीनं बांधलेलं मातीचं घर. हे सगळं ओलं करायचं नसतं. पालीच्या विष्ठेत पाणी गेलं की तांब्याचे ट्रॅक खाल्ले जातात. कोरड्या ब्रशनं आणि हळू हवेनं ते काढलं आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं बोर्ड पुसला. एक गोष्ट आपल्या बाजूनं होती: या मॉडेलात घड्याळासाठी बॅटरी नाही. बॅटरी असलेल्या जुन्या यंत्रांत ती गळून आजूबाजूचं सगळं खाऊन टाकते, आणि ते बरं करणं जवळजवळ अशक्य असतं.

मग सप्लाय. जुनं यंत्र थेट लावू नका असं मी म्हणते त्याचं सगळ्यात मोठं कारण या डब्यात असतं. मेन्सच्या वाटेवर, विजेतला गोंगाट गाळण्यासाठी, दोन कपॅसिटर आडवे बसवलेले असतात. त्या काळी ते कागदाच्या थरांचे, वर पारदर्शक पिवळसर आवरणाचे असत. वर्षांनुवर्षं गेली की त्या आवरणाला बारीक भेगा पडतात, भेगांतून दमट हवा आत जाते, कागद ओल धरतो. मग एक दिवस त्यावर 230 व्होल्ट येतात. कागद आतून जळू लागतो, कपॅसिटर फुटतो आणि खोली दाट, उग्र वासाच्या धुरानं भरते. आमच्या सप्लायमधल्या दोन्ही कपॅसिटरवर भेगांचं जाळं होतं. भिंगाशिवायही दिसत होतं. ते काढून त्याच मूल्याचे, त्याच सुरक्षा-वर्गाचे, पण प्लास्टिक फिल्मचे बसवले. त्यासोबत सुरुवातीला सप्लाय उठवणारा छोटा इलेक्ट्रोलिटिकही बदलला, कारण तो सुकलेला असला तर सप्लाय नुसता टकटक करत राहतो आणि दोष दुसरीकडेच शोधला जातो. पुण्यातल्या तपकीर गल्लीत हे सगळं मिळालं. तिथल्या जुन्या दुकानदारांना काय हवं ते नीट सांगितलं तर ते आतल्या खणातून काढून देतात.

सप्लाय बोर्डाला जोडण्याआधी एकटा तपासायचा. पण असा स्विचिंग सप्लाय बिनओझ्यानं चालवायचा नसतो. म्हणून पाच व्होल्टच्या वाटेवर 2.2 ओहमचा जाड वायरवाउंड रेझिस्टर लावला, म्हणजे सव्वादोन अँपिअर त्यातून वाहतात. आणि मेन्सच्या बाजूला सिरीज बोर्ड. आमच्या पिढीच्या प्रत्येक रेडिओ-टीव्ही मेकॅनिककडे हा असायचाच: लाकडी पाटी, एक होल्डर, एक सॉकेट, आणि मध्ये मालिकेत साठ-शंभर वॅटचा बल्ब. आत शॉर्ट असेल तर बल्ब भर उजेडानं पेटतो आणि यंत्र वाचतं. ठीक असेल तर क्षणभर चमकून मंद होतो. आमचा चमकला आणि मंद झाला. मग थेट मेन्सवर घेतला. पाच व्होल्ट स्थिर, उणे पाच व्होल्टही जागेवर. इथे एक सूचना, जी मी विद्यार्थ्यांना नेहमी द्यायची: प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट टिकून असू शकतात. मीटर लावून खात्री केल्याशिवाय बोट घालायचं नाही.

बोर्डावरच्या सॉकेटमधल्या आयसी एकेक करून काढल्या. पाय काळे पडले होते. त्या काळच्या पुष्कळ आयसींच्या पायांवर चांदीचा मुलामा असे आणि तो हवेतल्या गंधकानं काळा पडतो. फायबरग्लासच्या पेनानं प्रत्येक पाय हळूच घासला, दिशा एकच, वरून खाली. हे काम कंटाळवाणं आहे असं पाहणाऱ्यांना वाटतं. मला ते आवडतं, कारण याच वेळी प्रत्येक आयसीशी ओळख होते आणि पुढे दोष शोधताना ती कामी येते.

एवढं झाल्यावर बोर्डाला सप्लाय जोडला आणि बटण दाबलं. सर समोर बसले होते. स्पीकरमधून एक लांब सूर निघाला आणि थांबेचना. पडदा कोरा.

"ताई, बिघडलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर, बोलतंय ते."

तो सूर काय सांगतो ते समजलं की अर्धं निदान झालं. या यंत्रातली ध्वनीची चिप वीज मिळताच स्वतःहून सूर काढू लागते. प्रोसेसर जागा झाल्यावर जी पहिली कामं करतो त्यातलं एक म्हणजे तिला गप्प करणं. म्हणून निरोगी बीबीसी मायक्रो सुरू होताना दोन स्वर ऐकू येतात: एक तुटलेला खालचा, मग एक आखूड वरचा. ज्यांनी शाळेत तो ऐकला आहे ते आयुष्यभर विसरत नाहीत. सूर थांबत नाही याचा अर्थ, आमचा प्रोसेसर त्या कामापर्यंत पोहोचलाच नव्हता.

या यंत्राचा प्रोसेसर 6502 जातीचा, चाळीस पायांचा, 2 मेगाहर्ट्झवर चालणारा. ऑसिलोस्कोप घेऊन त्याच्या पायांवर एकेक प्रश्न विचारत गेले. पाय 8 वर पाच व्होल्ट? आहेत. पाय 37 वर घड्याळाची लाट? आहे, स्वच्छ. पाय 40 वर रीसेट वेळेत सुटतो का? सुटतो. मग पाय 7. प्रोसेसर नवी आज्ञा उचलायला गेला की या पायावर एक स्पंदन येतं. इथे गंमत होती. स्पंदनं यायची, थोडा वेळ चालायची आणि थांबायची. 6502 ला काही ठरावीक निरर्थक आज्ञा मिळाल्या की तो जागच्या जागी अडकून पडतो. रीसेट दिल्याशिवाय सुटत नाही. म्हणजे प्रोसेसर जिवंत होता, आज्ञा उचलत होता, पण त्याच्या हाती चुकीच्या आज्ञा पडत होत्या.

जागा झाल्यावर 6502 सगळ्यात आधी 65532 आणि 65533 या दोन पत्त्यांवर जातो. काम कुठून सुरू करायचं ते तिथे लिहिलेलं असतं, आणि ते पत्ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या रॉममध्ये येतात. संशय रॉमवर गेला. ती काढून प्रोग्रॅमरवर वाचली आणि चांगल्या प्रतीशी ताडून पाहिली. एकेक बाइट जुळत होता. चाळीस वर्षं होत आली तरी त्या रॉमनं एक अक्षर गमावलं नव्हतं. मग उरलं सॉकेट. मीटरनं रॉमचा पाय आणि बोर्डाचा ट्रॅक यांच्यातली सलगता पाहिली. दोन पायांवर आयसी दाबली की सलगता यायची, सोडली की जायची. सॉकेटच्या आतली पितळी स्प्रिंग गंजून ढिली झाली होती. अठ्ठावीस पाय एकेक करून उकलले, नवं सॉकेट बसवलं.

पुन्हा बटण. तुटका खालचा स्वर, आखूड वरचा स्वर. सरांनी डोळे मिटून घेतले.

पण पडद्यावर जे उमटलं ते विचित्र होतं. सगळा पडदा उद्गारचिन्हांनी भरला होता. वरच्या ओळीत 'बीबीसी कॉम्प्युटर 32के' असं यायला हवं, तिथे पहिली तिन्ही अक्षरं सी, आणि 32 च्या जागी 33. खाली 'बेसिक' या शब्दातला बी जाऊन सी आलेला. आणि सर्वांत शेवटी, जिथे आज्ञेची वाट पाहणारं टोकदार चिन्ह असायला हवं, तिथे प्रश्नचिन्ह.

सरांना मी वही-पेन दिलं. "सर, गणित तुमचं. काय यायला हवं होतं आणि काय आलंय ते लिहा, आणि प्रत्येकाचा आस्की क्रमांक समोर मांडा." हे क्रमांक त्यांना अजून पाठ होते. बी म्हणजे 66, आला सी, 67. 'कॉम्प्युटर' शब्दातला छोटा पी 112, आला क्यू, 113. टी 116, आला यू, 117. आर 114, आला एस, 115. रिकामी जागा 32, आलं उद्गारचिन्ह, 33. दोनचा आकडा 50, आला तीनचा, 51. टोकदार चिन्ह 62, प्रश्नचिन्ह 63. आणि जी अक्षरं बरोबर आली होती, सी, ओ, एम, यू, ई, ती सगळी मुळातच विषम क्रमांकांची.

सरांनी पेन खाली ठेवलं. "प्रत्येक समाचा पुढचा विषम झालाय. एकं स्थानचा बिट कायमचा एक आहे."

दुरुस्तीच्या कामात असे क्षण फार थोडे येतात, जिथे दोष स्वतःचं नाव-पत्ता पडद्यावर लिहून देतो. या यंत्रात 32 किलोबाइट स्मृती सोळा चिपांत वाटलेली आहे. प्रत्येक चिप एका बिटाची, 16 के लांबीची. आठ चिप खालच्या 16 के साठी, आठ वरच्या. प्रोसेसरची स्वतःची टिपणं, म्हणजे स्टॅक वगैरे, खालच्या भागात राहतात. ती बिघडली असती तर यंत्र इथवर आलंच नसतं. सुरुवातीचा पडदा वरच्या भागाच्या अगदी शेवटच्या 1 के मध्ये असतो. म्हणजे दोषी चिप एकच: वरच्या आठांतली, सर्वांत खालच्या बिटाची. सर्किट डायग्राममध्ये तिचा क्रमांक पाहिला आणि बोर्डावर बोट ठेवलं. आणि 33 असं दिसत असूनही यंत्रानं आतल्या आत 32 केच मोजले होते, कारण ते सुरुवातीला स्मृती किती आहे एवढंच पाहतं, तिचा बिट न् बिट तपासत नाही.

चिप सापडली, पण मिळायची कुठून? ही साधी चिप नव्हे. या यंत्राच्या रचनेत एक सुंदर युक्ती आहे. प्रोसेसर आणि पडदा रंगवणारं सर्किट आळीपाळीनं त्याच स्मृतीतून वाचतात, एकाची पाळी असताना दुसरा थांबलेला असतो आणि कुणालाच वाट पाहावी लागत नाही. त्यासाठी स्मृतीला सेकंदाला चाळीस लाख वेळा उत्तर द्यावं लागतं. 1981 मध्ये एवढ्या वेगाच्या, आणि फक्त पाच व्होल्टवर चालणाऱ्या चिप दुर्मीळ होत्या. त्याच काळात बाजारात सर्वत्र मिळणारी 4116 ही 16 के ची चिप दिसायला सारखी, सोळाच पायांची, पण तिला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात. ती इथे बसवली तर तीही जाईल आणि शेजारचंही काही नेईल. तपकीर गल्ली झाली, मुंबईला लॅमिंग्टन रोड झाला, जुन्या बाजारात रविवारी चकरा झाल्या. शेवटी चिप मिळाली ती इंग्लंडमध्ये, जुन्या बोर्डांचे सुटे भाग काढून ठेवणाऱ्या एका गृहस्थांकडून. पाकिटावर त्यांनी हातानं लिहिलं होतं, तपासलेली आहे.

जुनी चिप सोल्डर केलेली होती. अशा वेळी मी चिप वाचवायचा प्रयत्न करत नाही, बोर्ड वाचवते. सोळाही पाय चिपच्या पोटाशी कापले, मग एकेक पाय सोल्डरिंग आयर्नच्या टोकाशी मऊ करून चिमट्यानं उचलला, भोकं पंपानं साफ केली. ट्रॅक एकही उचलला गेला नाही. तिथे सॉकेट बसवलं आणि त्यात आलेली चिप. मूळ चिप, जुने कपॅसिटर, गंजलेलं सॉकेट, सगळं एका पाकिटात घालून यंत्राच्या आतच ठेवलं आहे, सोबत काय कधी बदललं त्याची चिठ्ठी. उद्या कुणी हे उघडेल त्याला काय मूळचं आणि काय माझं हे कळायला हवं. दुरुस्ती लपवायची नसते.

कीबोर्डच्या काही कळा उमटत नव्हत्या, त्या साफ केल्या. त्यात सांगण्यासारखं फार नाही.

खरा जीव गुंतला होता तो सरांनी सोबत आणलेल्या कॅसेटमध्ये. शाळेला डिस्क ड्राइव्ह मिळाला नव्हता; कार्यक्रम साध्या ऑडिओ कॅसेटवर साठवायचे. कॅसेटच्या खोक्यावर निळ्या शाईत लिहिलं होतं, 'पाढे'.

आजचे वाचक विचारतील, की बीबीसी मायक्रोची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात, मग हा खटाटोप कशाला? नकलेला माझा विरोध नाही, मीही वापरते. पण सरांची कॅसेट कुणी आधी वाचली असेल तरच ती नकलेत चालेल. वेळेत वाचलं नाही तर काय होतं ते बीबीसीच्याच उदाहरणावरून कळतं. तिनं 1986 मध्ये, इंग्लंडच्या 1086 मधल्या प्रसिद्ध पाहणीला नऊशे वर्षं झाली म्हणून, शाळाशाळांतून माहिती गोळा करून ती लेसर डिस्कवर घातली होती. वीस वर्षांच्या आत ती वाचू शकणारी यंत्रं दुर्मीळ झाली आणि ती माहिती वाचवायला संशोधकांना मोठी धडपड करावी लागली. त्या पाहणीचं नऊशे वर्षांपूर्वीचं चामड्यावरचं हस्तलिखित मात्र अजून वाचता येतं. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, तर एका शाळेच्या कॅसेटचं काय सांगावं?

टेपवर बुरशीची पांढरी कड आली होती. ती मऊ कापडानं काढली. रेकॉर्डरचा रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता, तो बदलला. टेप थेट संगणकाला ऐकवली नाही. प्रत्येक फेरीत तिच्यावरचा लेप थोडा झडतो. हेडचा छोटा स्क्रू फिरवून आवाज सगळ्यात तीक्ष्ण येईल असा कोन साधला आणि एकदाच, पूर्ण टेप, चांगल्या प्रतीत रेकॉर्ड करून घेतली. मग त्या रेकॉर्डिंगवरून बीबीसी मायक्रोला ऐकवली.

या यंत्राची टेपवरची लिपी साधी आहे. शून्य म्हणजे 1200 हर्ट्झचं एक आवर्तन, एक म्हणजे 2400 हर्ट्झची दोन. 256 बाइटचा एक गठ्ठा, आणि प्रत्येक गठ्ठ्यासोबत पडताळणीचा आकडा. लोड करताना आतली रिले 'टक्' वाजते, पडद्यावर फाइलचं नाव येतं आणि गठ्ठ्यांचे क्रमांक एकेक पुढे सरकतात. आमचे सरकत गेले आणि मध्येच 'डेटा?' असा संदेश आला. तिथे बुरशीनं लेप खाल्ला होता. रेकॉर्डिंगमध्ये त्या जागी लाट जवळजवळ सपाट होती. आजूबाजूचे गठ्ठे आधुनिक संगणकावर उलगडून पाहिले तेव्हा कळलं, हरवलेल्या ओळींत अक्षरांचे आकार होते.

"थांबा ताई," सर म्हणाले, आणि पुढच्या खेपेला एक आलेखवही घेऊन आले.

या यंत्रात 224 ते 255 या क्रमांकांवर स्वतःची चिन्हं बनवता येतात. व्हीडीयू 23 अशी आज्ञा, चिन्हाचा क्रमांक, आणि मग आठ संख्या. आठ बाय आठ चौकोनांच्या जाळीत चिन्ह काढायचं, आणि प्रत्येक ओळीतल्या भरलेल्या चौकोनांची बेरीज करायची: 128, 64, 32, 16, 8, 4, 2, 1. सरांनी 1986 मध्ये दहावीच्या मुलांना घेऊन आलेखवहीवर देवनागरी आकडे काढले होते. दहा जागा आकड्यांना गेल्या, उरल्या बावीस. बावीस तुकड्यांत अक्षरं, काने, मात्रा बसवायच्या. म्हणून कार्यक्रमातले शब्द त्यांनी निवडून घेतले होते; जे अक्षर त्या बाविसांत नाही तो शब्द वापरायचा नाही. शिरोरेषेची ओळ म्हणजे आठही चौकोन भरलेले, म्हणजे 255, आणि पडद्यावर चिन्हं एकमेकांना खेटून येत असल्यामुळे शिरोरेषा आपोआप सलग जुळते, हे एका मुलीच्या लक्षात आलं होतं. वहीत त्या पानावर तिची सही आहे.

वहीतले आकडे वापरून हरवलेल्या ओळी पुन्हा लिहिल्या. कार्यक्रम चालला. पडद्यावर देवनागरीत पाढे उमटले. साधे तर होतेच, पण अपूर्णांकांचेही: पावकी, निमकी, दिडकी आणि औटकी. मुलांना औटकी विचारणारा कार्यक्रम 32 के च्या यंत्रावर, एका तालुक्याच्या गावात, आकडेसुद्धा स्वतः काढून कुणीतरी लिहिला होता, आणि त्याची एकमेव प्रत बुरशी लागलेल्या कॅसेटवर होती.

आपल्याकडे संगणकाचा इतिहास सांगितला जातो तो मोठ्या कंपन्यांचा, बंगळुरू-हैदराबादचा, नाही तर थेट मोबाइलचा. मोबाइलच्या आत जी एआरएम जातीची प्रोसेसर-रचना आहे तिची पहिली चिप 1985 च्या एप्रिलमध्ये याच बीबीसी मायक्रोला जोडून तपासली गेली, हे मात्र सहसा सांगितलं जात नाही. आणि शाळांमधल्या त्या पहिल्या शिक्षकांनी, पहिल्या मुलांनी काय केलं त्याची नोंद कुठेच नाही. ती असलीच तर शाळांच्या भांडारखोल्यांत, निर्लेखनाच्या यादीतल्या "नादुरुस्त" या शब्दाच्या मागे आहे.

यंत्र आता सरांच्या गावच्या वाचनालयात आहे, काचेच्या पेटीत नाही, टेबलावर. मुलं त्यावर टाइप करतात. कळा पुन्हा घासल्या जातील, एखादी मोडेल, पुन्हा दुरुस्त करू.

तुमच्या ओळखीत 1984 ते 1990 च्या दरम्यान संगणक मिळालेली शाळा असेल तर एवढं करा. यंत्र सापडलं तर ते कोरडं ठेवा आणि त्यावरचे क्रमांक, चिकटवलेली नावं, काही काढू नका. त्याच्या आसपासच्या कॅसेट, फ्लॉपी, वह्या, हस्तलिखित टिपणं यंत्राइतकीच जपा, बरेचदा जास्त. आणि निर्लेखनाच्या यादीवर शेवटची सही होण्याआधी, त्या काळी तिथे संगणक शिकवणारे सर किंवा बाई हयात असतील तर त्यांना एक फोन करा.